अंससंधीतील दाब व सांध्याची स्थिरता
खांद्याच्या सांध्यात (अंससंधीत) भुजास्थीचे मोठे गोल शीर्ष अंसफलकाच्या लहान व उथळ खोबणीवर टेकलेले असते. शीर्षाचा थोडाच भाग एका वेळी खोबणीस स्पर्श करतो आणि संपुटही सैल असते. असे असताना स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाचा हात स्नायूंच्या विशेष श्रमावाचून खाली न घसरता लोंबत कसा राहतो, हा शारीरविज्ञांपुढील जुना प्रश्न होय.

त्याच्या उत्तराचा आरंभ खांद्यात नव्हे, तर खुब्याच्या सांध्यात झाला. व्हिल्हेल्म (१८०४–९१) व एडुआर्ट (१८०६–७१) या वेबर बंधूंनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चालण्याच्या यांत्रिकीवरील जर्मन ग्रंथात एक प्रयोग वर्णिला आहे. मृतदेहाच्या खुब्याभोवतीचे स्नायू व संपुट कापले, तरी मांडीचे हाड उखळीतून निसटले नाही. श्रोणीच्या आतील बाजूने उखळीस छिद्र पाडून हवा आत शिरू देताच मात्र ते खाली आले. शीर्ष परत बसवून छिद्र बोटाने बंद केले असता ते पुन्हा टिकले. उंच पर्वतावर पाय लवकर थकतात याचे कारण हेच असावे, असा तर्क अलेक्झांडर फोन हंबोल्ट यांनी केला; तो पुढे टिकला नाही, कारण तेथील थकव्यास ऑक्सिजनची उणीव कारणीभूत असते.

खांद्याच्या बाबतीत विसाव्या शतकात स्नायूंकडेच अधिक लक्ष गेले. कॅनडातील बास्माजियन व बाझंट यांनी १९५९ मध्ये विद्युत् नोंदींवरून दाखविले की, हातात ओझे असतानाही खांद्यावरील त्रिकोणाकृती स्नायू शांत राहतो. संपुटाचा वरचा भाग व अंसफलकाच्या वरच्या खोबणीतील लहान स्नायू हे भार पेलतात. सिंगापूर येथील कुमार व बालसुब्रमण्यम यांनी १९८५ मध्ये मृतदेहांच्या २४ खांद्यांवर प्रयोग केले. स्नायू कापूनही शीर्ष जागचे हलले नाही. संपुटास टोचताच ते खाली सरकले.

याचे कारण सरळ आहे. निरोगी सांध्यात वंगणद्रव अत्यल्प असतो आणि पोकळी बंदिस्त असते. शीर्ष दूर सरू लागले की आकारमान वाढू पाहते, पण ते भरण्यास काही नसल्याने आतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो व बाहेरील दाब शीर्षास खोबणीकडे रेटतो. १९९१ मधील अमेरिकन प्रयोगांत संपुटात हवा सोडल्यावर शीर्ष सरकविण्यास लागणारे बल सुमारे निम्म्याने घटलेले आढळले. जर्मनीत हाबरमायर व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखविले की, स्थिर खांद्यात हात ओढला असता दाब घटत जातो. वारंवार निखळणाऱ्या खांद्यात खोबणीच्या काठावरील कूर्चावलय फाटलेले असल्याने तो तसा घटत नाही. हे वलय झडपेसारखे काम करते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तथापि मृत स्नायू आकुंचन पावत नाहीत, म्हणून या प्रयोगांवरून स्नायूंचे महत्त्व कमी लेखणे योग्य ठरत नाही. हात उचलला किंवा जोर लावला की शीर्षास खोबणीत दाबून धरण्याचे मुख्य काम स्नायूच करतात. दाबाचा आधार हात सैल असतानाच विशेष उपयोगी पडतो. अस्थिभंगानंतर सांध्यात रक्त साचल्यास हा आधार नाहीसा होतो आणि क्ष-किरण चित्रात शीर्ष खाली उतरलेले दिसते. रक्त शोषले जाऊन स्नायूंचा ताण परत आल्यावर ते बहुधा आपोआप पूर्ववत होते. त्यामुळे अशा वेळी सांधा निखळला असे समजून तो ओढून बसविण्याची घाई करू नये.