छांदिष्टांना आश्रय देणारी वास्तू

पुण्यातील महाविद्यालयांच्या इतिहासात इमारतींच्या कोनशिला, प्राचार्यांच्या कारकिर्दी आणि देणग्यांचे आकडे यांची नोंद दप्तरात विपुल सापडते. परंतु ज्या विक्षिप्त मानलेल्या माणसांमुळे त्या आवारांना स्वतःचा स्वभाव लाभला, त्यांची हकीकत बहुधा तोंडी परंपरेवरच सोपविली गेली आहे. 1885 साली स्थापन झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचा पायाच अशा छांदिष्टपणावर उभा होता, असे मला मनापासून वाटते. सरकारी नोकरीत मोठ्या तनख्याची शाश्वती असताना, दरमहा सुमारे 75 रुपयांवर वीस वर्षे इमानेइतबारे शिकविण्याची प्रतिज्ञा करणारे आजीव सदस्य तत्कालीन व्यवहारी गृहस्थांना शहाणे वाटले असतील, हे संभवत नाही.

धोंडो केशव कर्वे 1891 साली तेथे गणिताचे अध्यापक झाले, 1893 साली त्यांनी विधवेशी विवाह केला, आणि आपल्या मुरूड गावच्या लोकांचा बहिष्कार मुकाट्याने सोसला. पुढे हिंगण्याच्या माळावर त्यांच्या विधवाश्रमाची झोपडी उभी राहिल्यावर, दिवसभर महाविद्यालयात शिकवून सायंकाळी चिखलाकाट्यातून हिंगण्यापर्यंत पायी जाणाऱ्या या मितभाषी गृहस्थाकडे पाहून नाके मुरडणारे पुष्कळ होते. शहर ज्याला वेडा म्हणत होते, त्याला त्या आवारात 1914 पर्यंत गणित शिकविता आले, ही गोष्ट त्या वास्तूच्या थोरवीला पुरेशी साक्ष आहे.

परंतु सर्वांत विलक्षण उदाहरण धर्मानंद कोसंबींचे. गोव्यातील साखवाळचा हा तरुण बुद्धाच्या ध्यासाने 1899 साली घर सोडून निघाला, नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश हिंडला, भिक्षू झाला, अमेरिकेतील हार्वर्ड येथे पाली ग्रंथाच्या संशोधनाचे काम करून आला, आणि 1912 पासून सहा वर्षे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवीत राहिला. ज्याला महाविद्यालयीन पदवी नव्हती, त्याच्या पायाशी बसून पदवीचे विद्यार्थी शिकले; आणि त्या विद्यार्थ्यांत चिंतामण विनायक जोशी होते, हा योगायोग मला अतिशय प्रिय आहे. मराठी वाचकाला चिमणराव व गुंड्याभाऊ देणारा हा विनोदकार पुढे बडोद्यास पालीचाच प्राध्यापक झाला. त्यांच्या कथेवरून मास्टर विनायकांनी 1940 साली ‘लग्न पहावं करून’ हा बोलपट काढला, तेव्हा दामुअण्णा मालवणकरांचा चिमणराव प्रेक्षकांना आपल्याच घरातला वाटला, कारण त्याच्या फजितीमागे त्याची खरीखुरी काळजी होती.

हे सर्व आठवण्याचे निमित्त म्हणजे महाविद्यालयीन जीवनावरचा नुकताच पाहिलेला एक विनोदी चित्रपट. त्यातील ग्रंथपालाची टोपी वाकडी आहे, चष्मा वारंवार नाकावरून घसरतो, बोलताना जीभ अडखळते, आणि एवढ्या भांडवलावर त्याने संपूर्ण चित्रपटभर हशा मिळवावा अशी अपेक्षा आहे. मी मोठ्या उमेदीने गेलो होतो आणि खिन्न होऊन परतलो. त्या माणसाला कशाचा ध्यास आहे, हे दिग्दर्शकाने एकदाही विचारलेले नाही. लकबी उचलल्या, छंद तेवढा टाकून दिला.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अण्णा म्हणून एक कारकून होते. विद्यार्थ्यांची नावे त्यांच्या लक्षात राहत नसत; जो जे पुस्तक नेई, त्याच नावाने ते त्याला हाक मारीत, म्हणून ‘या शाकुंतल’, ‘बसा बीजगणित’ असे स्वागत नित्य ऐकू येई. परीक्षेच्या सुमारास कोणी पुस्तकातील पाने फाडून नेली, तर दुसरी प्रत मिळवून ती पाने अण्णा रात्री स्वहस्ते उतरून काढीत आणि खळीने जागच्या जागी चिकटवीत. त्यांच्या हस्ताक्षरातील कितीतरी पाने वाचून आम्ही परीक्षा दिल्या. त्यांचा आणखी एक शिरस्ता असा, की नेलेल्या पुस्तकावर एक प्रश्न विचारल्यावाचून ते दुसरे पुस्तक देत नसत. स्नेहसंमेलनात त्यांची नक्कल दरवर्षी होई, आणि तिला सर्वांत आधी टाळी तेच देत.

एकदा एका विद्यार्थ्याने या जुलमाविरुद्ध प्राचार्यांकडे रीतसर लेखी अर्ज केला. प्राचार्यांनी अण्णांना बोलावून खुलासा मागितला.

“साहेब, पुस्तक त्यांच्याकडे तीन आठवडे होतं. आपणच एक प्रश्न विचारून पाहावा,” अण्णा म्हणाले.

प्राचार्यांनी प्रश्न विचारला. अर्जदार निरुत्तर उभा राहिला. तेव्हा प्राचार्यांनी त्याच अर्जावर, ग्रंथालयातील वहिवाट पूर्ववत चालू ठेवावी, असा हुकूम लिहून खाली सही केली. आणि अण्णांनी तो कागद आवक-बारनिशीत नोंदवून घेतला.