पैनगंगेच्या तीरावरील मृत

नदी एकच; परंतु तिच्या दोन तीरांवर दोन सत्ता, अशी पैनगंगेची स्थिति १९४८ सालापर्यंत होती. दक्षिणेस निजामाच्या राज्यांतील परभणी जिल्हा; १९९९ सालीं वेगळा झालेला हिंगोलीचा भाग तेव्हां त्यांतच मोडत असे. उत्तरेस वऱ्हाड. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. तथापि त्यावरील निजामाचें नांवाचें स्वामित्व १९३६ च्या करारांतहि मान्य करण्यांत आलें होतें.

१९४७ च्या ऑगस्टनंतर हैदराबाद आपणांस स्वतंत्र म्हणवूं लागलें. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसनें विलीनीकरणाचा लढा चालविला. रझाकारांच्या जाचामुळें अनेक कुटुंबें नदी ओलांडून गेलीं, आणि उमरखेडसारख्या ठिकाणीं लढवय्यांच्या छावण्या पडल्या. वसमत तालुक्यांतील वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यांत कामास आले.

ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबादनें सुरक्षा समितीकडे दाद मागितली; म्हणजे ही सीमा दोन राष्ट्रांमधील आहे, असा त्याचा दावा. भारत सरकारच्या मतें हा घरांतला प्रश्न. म्हणूनच १३ ते १७ सप्टेंबरच्या लष्करी मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ हें नांव पडलें.

कोणी विचारील, नांवानें काय बिघडतें? युद्धांत पडलेल्या शत्रूचाहि देह शोधावा, ओळख नोंदवावी व त्यास सन्मानानें मूठमाती किंवा अग्नि द्यावा, असें १९४९ च्या जिनीव्हा करारानें बंधन घातलें. येथें युद्ध मानलेंच गेलें नाहीं, आणि पडलेल्यांत गणवेष नसलेले पुष्कळ. तेव्हां त्यांच्या स्मृतीचा भार बऱ्याच अंशीं समाजावर आला. वसमतच्या महाविद्यालयास बहिर्जींचें नांव दिलें गेलें. परभणीस दर १७ सप्टेंबरला हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

परंतु हें कर्तव्य अर्धेंच पार पडलें आहे. विजयानंतर अनेक ठिकाणीं निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. भारत सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीनें १९४८ च्या अखेरीस राज्यांत फिरून मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. शेजारचा नांदेड जिल्हा सर्वांत अधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांपैकीं एक होता. हा अहवाल कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं.

१९५६ सालीं या भागांत पैनगंगेचे दोन्ही तीर एकाच राज्यांत आले आणि येथली ती जुनी सीमा पुसली गेली. रझाकारांच्या हातून मेलेला शेतकरी आणि सूडाच्या लाटेंत सांपडलेला त्याचा शेजारी, या दोघांचीं नांवें एकाच वहींत लिहिलीं जावीं, हें ऋण मात्र मागें राहिलेल्यांवर आहेच.