शेवटचा एक

मागच्या शनिवारी घरी, म्हणजे यवतमाळला होतो. बाबांनी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे हा हिशोब मांडून ठेवला होता:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत नऊ एकांपर्यंत. उत्तर, १२३४५६७८९८७६५४३२१. "तुमच्या लॅपटॉपवर करून पाह्य," म्हणाले.

एक्सेल उघडलं, फॉर्म्युला टाकला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००! बाबा हसले. "काऊन रे, एकानं एकाला गुणलं त शेवटी शून्य कुठून येईन?"

दहा वर्षं कोड लिहितोय, पण त्या क्षणी गप्प बसलो.

एक्सेल १५ अंकांपुढे शून्यं भरतं, हे माहीत होतं. मग जावास्क्रिप्टमध्ये केलं. शेवटी ...३२०. तेही चूक! कारण दशांशाच्या हिशोबासाठी जो 'डबल' प्रकार वापरतात, तोच तिथे नेहमीच्या संख्यांनाही लागतो. त्यात २ चा ५३वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक बसतो. त्यापुढे काही अंतर फक्त सम संख्या. आपली संख्या विषम, म्हणून तिचा शेवटचा एक गळाला. पायथॉनने मात्र बरोबर सांगितलं.

बाबांची रीत साधी. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकवलेली. उभ्या स्तंभांत १, २, ३... मधे ९ आणि परत १ पर्यंत एक येतात. हातचा कुठेच नाही. म्हणूनच हा डोंगर! अंकांची बेरीजही ८१, म्हणजे नवाचा वर्ग. दहा एक घेतले की मधल्या स्तंभात १० येतात, हातचा पुढे जातो आणि शिखर ढासळतं: १२३४५६७९००९८७६५४३२१.

या संख्यांना नाव आहे, डेम्लो संख्या. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलेलं. जीआयपी रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली. रोज तिथे लोकलमध्ये लटकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, १९२९ मध्ये पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. पुढचं औपचारिक शिक्षण नाही. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटे, म्हणून पुष्कळसं लिखाण त्यांनी पदरच्या पैशाने छापलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगभर नाव झालं. १९८६ मध्ये ते गेले.

'याचा उपयोग काय?' शाळेत मलाही असंच गप्प केलं होतं, "पेपरात येत नाही, सोड." आणि मी सोडलंही. बाबांनी नाही सोडलं.

उपयोग मला त्या दिवशी कळला. उत्तर काय यायला हवं याची मनात खूण असेल, तरच मशीनचं चुकलेलं दिसतं. ती खूण नसती, तर मी ते ३०० मुकाट्याने पुढच्या कॉलममध्ये कॉपी केलं असतं. ऑफिसात असं किती वेळा केलंय, देव जाणे.

असो. सोमवारी कामाला लागण्याआधी एकदा हा गुणाकार कागदावर करून बघा. आणि शेवटचा एक नीट सांभाळा!