अडलेलें झाकण

इतिहास म्हटला कीं ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि कागदांचीं दप्तरें हींच आमच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. घरांतील साध्या वस्तूंनाही इतिहास असतो हें आम्ही तोंडानें कबूल करतों. परंतु तो वाचावा कसा, हें मात्र आम्हांस सहसा ठाऊक नसतें. वस्तु सुरळीत चालत असेपर्यंत ती आपल्या पूर्वजांविषयीं चकार शब्द काढीत नाहीं. ती अडली म्हणजेच बोलूं लागते. गेल्या पावसाळ्यांत आमच्या वडिलांच्या जुन्या मोटारसायकलीच्या इंजिनाचें झाकण अडलें, आणि त्या निमित्तानें अडीचशें वर्षांहून जुनी अशी एक हकीकत आम्हांस वाचावी लागली. तीच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

गाडी १९८७ सालची, शंभर सीसीची, दोन-स्ट्रोक जातीची. १९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांत सुझुकी, होंडा, यामाहा आणि कावासाकी या चार जपानी कंपन्यांच्या सहकार्यानें तयार झालेल्या शंभर सीसीच्या गाड्या हिंदुस्थानांत एकामागून एक रस्त्यावर आल्या. त्यापूर्वीं ज्यांनीं बुलेट, राजदूत किंवा येझदी यांची जड संगत केली होती, त्यांना या हलक्या, चपळ गाड्यांचें मोठें अप्रूप वाटलें. वडिलांनीं अशाच एका गाडीवर सतरा वर्षें कचेरी गांठली. पुढें ती कोंकणांतल्या घरीं पडवींत उभी राहिली, ती राहिलीच. आतां तिचा क्लच सुटत नव्हता. फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून बसतात. त्या वेगळ्या करावयाच्या तर इंजिनाच्या उजव्या बाजूचें झाकण उघडण्यावांचून गत्यंतर नाहीं.

झाकण उघडणें म्हणजे नऊ स्क्रू काढणें, एवढेंच आम्हांस वाटलें होतें. तेल काढून टाकलें, किकचा दांडा उतरवला आणि घरांतला नेहमींचा पेचकस घेऊन आम्ही बसलों. पांच स्क्रू सुटले, दोन जागचे हलेनात, आणि उरलेल्या दोघांचीं डोकीं आमच्याच पेचकसानें खाल्लीं. आतां हातोडी आणि छिन्नी घ्यावी असा विचार मनांत आला. परंतु त्याच गाडीच्या डाव्या झाकणाकडे नजर गेली आणि हात थांबला. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका गॅरेजांत तें झाकण असेंच अडलें होतें. तेथल्या कारागिरानें दोन पृष्ठांच्या फटींत छिन्नी घालून तें उचकटलें. झाकणाचा एक कान तुटला आणि पृष्ठावर खोल चरा पडला. तेव्हांपासून त्या चऱ्यांतून तेल झिरपतें आहे. तें झाकण आतां कोठें नवें मिळत नाहीं. वडील पडवीच्या पायरीवर बसून सर्व पाहत होते. ते एवढेंच म्हणाले, "घाई करूं नकोस. इतकीं वर्षें थांबली आहे, आणखी एक रात्र थांबेल."

त्या रात्रीं आम्हांस एक प्रश्न पडला. स्क्रू वरून फारसे गंजलेले दिसत नव्हते. मग ते अडले कां? सुटलेल्या पांच स्क्रूंच्या आट्यांत तांबूस गंजापेक्षां पांढरी, खडूसारखी भुकटीच अधिक सांपडली. ती लोखंडाची नव्हे, ॲल्युमिनियमची होती. स्क्रू पोलादाचा, झाकण आणि इंजिनाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा. झिजला होता तो स्क्रू नव्हे. त्याला जागा देणाऱ्या भोंकाची भिंत झिजली होती, आणि त्या झिजेची भुकटी फुगून तिनेंच स्क्रूला पाचरीप्रमाणें आवळलें होतें. या गोष्टीचा माग काढीत गेल्यास आपण मोटारसायकलीच्या कारखान्यांत न पोंचतां एका गलबताच्या तळाशीं पोंचतों.

अठराव्या शतकांत लांकडी जहाजांचा मोठा वैरी शत्रूच्या तोफा नसून समुद्रांतला एक किडा होता. उष्ण समुद्रांत तो जहाजाचा तळ पोखरून त्याची चाळण करी. यावर उपाय म्हणून इंग्रजी आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ नांवाच्या बत्तीस तोफांच्या जहाजाचा तळ पातळ तांब्याच्या पत्र्यानें मढवला आणि जहाज वेस्ट इंडीजकडे पाठवलें. १७६३ सालीं तें परत आल्यावर तपासणी झाली. किड्यापुरता उपाय उत्तम ठरला होता. लांकूड शाबूत होतें. परंतु जेथें तांब्याचा पत्रा लोखंडी खिळ्यांना टेकला होता, तेथें खिळे कुजून त्यांचा लगदा झाला होता. कांहीं थोडे खिळे मात्र जसेच्या तसे राहिले होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते, तो कागद कांहीं ठिकाणीं काढावयाचा राहून गेला होता. जेथें लोखंड आणि तांबें यांच्यामध्यें तो कागद होता, तेथें खिळा वांचला. जेथें कागद नव्हता, तेथें खिळा गेला.

कारण त्या वेळीं कोणालाच सांगतां येण्यासारखें नव्हतें. तें पुढें इटलींतून आलें. व्होल्टानें १८०० सालीं दोन निरनिराळ्या धातूंच्या चकत्या आणि त्यांच्यामध्यें मिठाच्या पाण्यांत भिजवलेल्या चकत्या अशी रास रचून तींतून विजेचा अखंड प्रवाह काढून दाखवला. दोन भिन्न धातु एकमेकांस टेकल्या आणि त्यांच्यामध्यें खारट ओल असली कीं तेथें एक लहानशी बॅटरीच तयार होते, आणि त्या दोघींपैकीं जी अधिक सहज झिजणारी, तिचा बळी जातो. तांब्याशेजारीं लोखंड, म्हणून लोखंड गेलें. पोलादाशेजारीं ॲल्युमिनियम, म्हणून ॲल्युमिनियम गेलें. १८२४ सालीं सर हंफ्री डेव्ही यानें याच ज्ञानाचा उलट उपयोग केला. तांब्याचा पत्रा झिजूं नये म्हणून त्यानें जहाजांच्या तळाला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले. ते तुकडे झिजले आणि तांबें वांचलें खरें. परंतु तांबें झिजतांना जें विष पाण्यांत जाई, तें जाणेंही बंद झालें, आणि वांचलेल्या तांब्यावर शंखशिंपले बिनधोक वस्ती करूं लागले. निसर्गाशीं केलेल्या करारांत असें एखादें कलम नजरेंतून सुटतेंच.

या सगळ्यांत आम्हांस विशेष वाटतें तें दुसरेंच. ‘अलार्म’ची तपासणी १७६३ सालची. तरीही १७८० च्या सुमारास इंग्रजी आरमारानें आपल्या बहुतेक जहाजांना तांबें मढवलें तेव्हां आंतील खिळे लोखंडाचेच राहूं दिले, आणि कागद व लेप यांच्या आवरणावर भिस्त ठेवली. तें आवरण पुरलें नाहीं. खिळे पुन्हां कुजले, आणि त्यानंतरच पाण्याखालचे खिळे तांब्याच्या मिश्रधातूचे करण्याचें ठरलें. जें एका तपासणीनें शिकवलें होतें, तें अंगीं बाणावयास वीस वर्षें लागलीं.

ॲल्युमिनियम तर त्या काळीं जन्मालाच आलेलें नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती एक दुर्मिळ, महाग धातु होती. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल यानें आणि फ्रान्समध्यें एरू यानें, एकमेकांस न कळत, विजेच्या साह्यानें ती स्वस्तांत काढण्याची एकच रीति शोधली, आणि ती कारखान्यांत आली. पोलादाच्या सुमारें एक-तृतीयांश वजन आणि उष्णता चटकन् बाहेर टाकण्याचा गुण, यांमुळें इंजिन बनवणाऱ्यांना ती सोन्याहून प्रिय झाली. परंतु तींत घालावयाचे स्क्रू मजबुतीसाठीं पोलादाचेच राहिले. ‘अलार्म’चें दुखणें अशा रीतीनें नव्या वेषांत आमच्या पडवींत येऊन उभें राहिलें, खारट ओल पुरवावयास कोंकणचा वारा होताच.

राहतां राहिला डोकें खाल्लेल्या स्क्रूंचा प्रश्न. त्याचाही इतिहास आहे. स्क्रूच्या डोक्यावरचा चौफुलीचा खांचा अमेरिकेंत हेन्री फिलिप्स यानें १९३६ सालीं पेटंट घेऊन रूढ केला. साध्या सरळ खांचेंतून पेचकस बाजूला घसरतो. चौफुलींत तो आपोआप मध्यावर बसतो, म्हणून यंत्रानें भराभर स्क्रू आवळणाऱ्या कारखान्यांनीं तो उचलला. परंतु त्या खांच्याच्या भिंती उतरत्या असतात. जोर वाढला कीं पेचकस वर उचलला जातो आणि वर येतां येतां भिंती खरवडतो. शिवाय जपानी प्रमाणाची चौफुली दिसावयास तशीच असली तरी मापानें किंचित् निराळी आहे. तींत फिलिप्सचा पेचकस तळापर्यंत बसतच नाहीं. आम्हीं अमेरिकन किल्लीनें जपानी कुलूप उघडूं पाहत होतों, आणि दोष मात्र कुलपाला देत होतों.

दुसऱ्या दिवशीं काम निराळ्या रीतीनें सुरू झालें. अडलेल्या चारही स्क्रूंच्या मुळाशीं आदल्या रात्रींच घासलेट आणि तेल यांचें मिश्रण सोडून ठेवलें होतें. उष्णतेनें ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें, म्हणून उकळत्या पाण्यांत भिजवलेलीं फडकीं झाकणावर ठेवून भोंकें किंचित् सैल केलीं. घासलेट असतां जाळ जवळ नेणें हा वेडेपणा झाला असता. मग जपानी मापाचें टोक बसवलेला, हातोडीनें ठोकावयाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावला. त्याच्या पोटांत तिरकस खांचा असतात. वरून ठोका बसला कीं टोक खालीं दाबलें जातें आणि त्याच क्षणीं थोडें फिरतें. दाब आणि पीळ एकदम मिळत असल्यामुळें तें वर उचललें जात नाहीं. तीन स्क्रू करकरत सुटले. चौथ्याचें डोकें ड्रिलनें उडवावें लागलें. झाकण निघाल्यावर त्याचा उरलेला दांडा पकडीनें फिरवून काढला. छिन्नीला हातही लावला नाहीं. रबरी हातोडीचे हलके ठोके झाकणाच्या कडेनें फिरवले, आणि वडिलांनीं दोन्ही हातांनीं झाकण ओढून घेतलें.

आंत जें दिसलें, त्यासाठीं हा लेख लिहिण्याचा मोह झाला. स्क्रूंच्या भोंकांत, जेथें धातूला धातु टेकली होती आणि पाणी शिरलें होतें, तेथें पांढरी भुकटी होती. परंतु दोन पृष्ठांच्या मध्यें जें जुनें कागदी पॅकिंग होतें, तें सोलून काढल्यावर त्याच्याखालचें ॲल्युमिनियम नव्या भांड्यासारखें लखलखीत निघालें. कागदानें पाण्याला आंत येऊं दिलें नव्हतें. १७६३ सालच्या तपासणीतला तोच तपकिरी कागद आमच्या पडवींत पुन्हां साक्ष द्यावयास आला होता.

अडलेली वस्तु हट्टी असते असें आम्ही समजतों आणि तिच्यावर बळ वापरतों. वस्तुतः हट्ट आमचा असतो. वस्तु आपल्या इतिहासाप्रमाणें वागत असते. तो इतिहास ज्याला ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं छिन्नी येते. ज्याला ठाऊक आहे, तो एक रात्र थांबूं शकतो. डाव्या झाकणाचा चरा आतां भरून येणार नाहीं. उजव्या झाकणाला मात्र आम्हीं नवें पॅकिंग कापलें, स्क्रू नवे घातले, आणि प्रत्येकाच्या आट्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवला. पुढें कधीं काळीं तें झाकण ज्याला उघडावें लागेल, त्याची एक रात्र त्यामुळें वांचेल, अशी आम्हांस आशा आहे.