खरी कॉर्नरचा कॅमेरा

वीरपुरुषांचे पुतळे गावोगावी आढळतात. यंत्राचे स्मारक मात्र विरळाच. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. मागच्या खेपेस आम्ही तेथे मुद्दाम थांबलो, कारण सोबत आमचा भाचा होता. लग्नाचे, पहिल्या कम्युनियनचे फोटो काढून तो चार पैसे मिळवतो. कर्ज काढून जर्मन लायका घ्यावा, असे त्याच्या मनात घोळत होते. 2022 साली निघालेल्या लायका एम-11 ची अमेरिकेतील किंमत 8,995 डॉलर होती, आणि तीही भिंगाविना! "मामा, एवढे असते तरी काय त्यात?" असे तो विचारू लागला.

आम्ही त्याला स्तंभाची हकिकत सांगितली. 1913 साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्यांचा विल्यमसन कॅमेरा विलायतेहून आणलेला होता. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री हे नात्यातील बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यामुळे 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. चित्रपट काढायचा आणि त्याचा कॅमेराही आपणच घडवायचा, या ध्यासाने दोघांना पछाडले. 1916 साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी मात्र हातचे काम टाकले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने 1918 साली त्यांनी कॅमेरा पुरा केला.

यात अवघड ते काय? चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्म सेकंदाला सुमारे सोळा वेळा पुढे सरकते आणि सोळा वेळा निश्चल थांबते. कडेच्या छिद्रांत आकडा अडकून ती खाली ओढली जाते. ती सरकत असताना फिरती झडप प्रकाश अडवते. चौकट जेमतेम एक इंच रुंद, आणि पडदा पंधरा फुटांचा धरला तर चित्र सुमारे 190 पट मोठे होते. म्हणजे आकडा मिलिमीटरचा दहावा हिस्सा चुकला, तर पडद्यावर सीतामाई असो की द्रौपदी, पाऊण इंच थरथरणार! कानशीने घासणे, बसवून पाहणे, काढून पुन्हा घासणे, हेच काम महिनोन् महिने चालते. पितळेला मोल थोडे. मोल या घासण्याचे.

लायकाचे कुळही याच फिल्मचे. ऑस्कर बार्नाक या जर्मन कारागिराने सिनेमाची 35 मिलिमीटर फिल्म आडवी वापरून छोटा कॅमेरा घडविला. 1925 साली तो विक्रीस आला. आज फिल्म गेली, पण भिंग घासणे, जुळविणे, तपासणे यांत अजूनही माणसाचा हात फार लागतो. शिवाय असे कॅमेरे थोडेच निघतात, त्यामुळे कारखान्याचा सारा खर्च मोजक्या गिऱ्हाइकांवर पडतो. आणि नावाचेही पैसे असतात. ते मोजणाऱ्याने खुशाल मोजावेत. त्याने फोटो उजळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाबूरावांचा कॅमेरा कोणी कपाटात मिरविला नाही. तानीबाई कागलकरांच्या अर्थसाहाय्यावर उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 साली झळकला. तिथेच हात बसलेले दामले, फत्तेलाल, शांताराम पुढे बाहेर पडले आणि 1929 साली त्यांनी याच गावात 'प्रभात' काढली.

भाचा बराच वेळ मान वर करून स्तंभाकडे पाहत होता. कर्जाचे हप्ते किती वर्षे फेडावे लागतील आणि एका हंगामात लग्ने किती मिळतात, याचा हिशेब आम्ही परतीच्या एस.टी.त मांडला. लायका त्यात बसेना. पुढच्या महिन्यात त्याने साधा जपानी कॅमेरा वापरलेला घेतला आणि वाचलेल्या पैशांतून एक चांगले भिंग. परवा चर्चमधल्या अंधुक उजेडात, फ्लॅश न उडवता, त्याने टिपलेला आमच्या आईचा चेहरा आम्ही चौकट करून लावला आहे.