पॅल जुने झाले, वीज मात्र पन्नासचीच

नांदेड-लातूरच्या लग्नांचे शूटिंग करणाऱ्या तरुण मंडळींत एक मत पक्के रुजले आहे. लेन्स बदलता येणारा छोटा मिररलेस कॅमेरा हातात आला, की मेनूत जाऊन आधी ‘पॅल’ काढायचे आणि ‘एनटीएससी’ टाकायचे. पॅलच्या सेकंदाला 25 आणि 50 फ्रेम म्हणजे दूरदर्शनच्या जमान्याचे ओझे, एनटीएससीच्या 30 आणि 60 म्हणजे आजचा गुळगुळीत व्हिडिओ. सोनीच्या अनेक बॉडी हा बदल केल्यावर सुरू होताना ‘रनिंग ऑन एनटीएससी’ अशी सूचना दाखवतात. तिकडे कानाडोळा करायचा, असा धडाही उस्तादाकडून चेल्याकडे जातो.

हे मत अडाणीपणातून आलेले नाही, म्हणून त्याची बाजू आधी नीट मांडू. पॅल ही पद्धत वॉल्टर ब्रुख यांनी जर्मनीत टेलिफुंकन कंपनीत 1960च्या दशकात रंगीत टीव्हीसाठी घडवली. भारतात रंगीत चित्र 1982 साली, एशियाडच्या वर्षी आले, ते याच पद्धतीने. आता पिक्चर ट्यूब भंगारात गेली. लग्नाचा व्हिडिओ पाहिला जातो मोबाइलवर, आणि मोबाइलचा पडदा अनेकदा सेकंदाला 60 वेळा ताजा होतो. 60ला 25ने भाग जात नाही. त्यामुळे काही फ्रेम पडद्यावर दोनदा आणि काही तीनदा दिसतात. कॅमेरा सावकाश फिरवला तर चित्र किंचित अडखळते. 30चा भाग बरोबर जातो. शिवाय 60 फ्रेमचे शूटिंग 30वर चालवले, की वरातीचा निम्म्या वेगाचा स्लो मोशन आयता मिळतो.

यातले काहीही खोटे नाही. चूक आहे ती हिशेबाच्या जागेची. हा सगळा हिशेब पाहण्याच्या पडद्याचा आहे. शूटिंग होते त्या उजेडाचा हिशेब त्यात कुठेच नाही.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, अमेरिकेतली 60ची. 50 हर्ट्झवर ट्यूबलाइट किंवा स्वस्त ड्रायव्हरचा एलईडी सेकंदाला 100 वेळा तेजाळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही, शटरला कळते. शटर 1/50 असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे नेमके दोन ठोके पडतात, 1/100 असेल तर एक. प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड. पण 30 फ्रेमच्या जोडीला सवयीने येणारे 1/60 शटर घ्या. त्यात ठोके पडतात एक आणि दोन-तृतीयांश. एखाद्या फ्रेमच्या वाट्याला ठोक्याचा माथा जास्त येतो, पुढचीच्या वाट्याला कमी. दर तीन फ्रेमनी हे चक्र फिरते, म्हणजे चित्र सेकंदाला सुमारे दहा वेळा लुकलुकते. त्यातच या कॅमेऱ्यांचा सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने नवरीच्या शालूवरून आणि मागच्या पडद्यावरून काळसर आडवे पट्टे सरकू लागतात.

यावर जाणकारांचे उत्तर तयार असते : मग एनटीएससीतच 1/100 ठेवा. हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि तो अर्धा मान्यच केला पाहिजे. 30 किंवा 60 फ्रेमवर 1/100 ठेवले तर लुकलुक खरोखर थांबते. 30वर 1/50ही चालते. पण 60 फ्रेमवर शटर 1/60पेक्षा सावकाश ठेवता येत नाही. 1/100वर 1/50च्या निम्माच उजेड मिळतो, म्हणून आयएसओ दुप्पट करावा लागतो. रात्रीच्या कार्यालयात छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला हे जड जाते. दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. 25, 50 किंवा 100 फ्रेम विजेच्या तालाशी जुळलेल्या असतात. स्टेजवरचे फोकस पेटले आणि ऑटोने शटर 1/200वर नेले, तरी प्रत्येक फ्रेम ठोक्याच्या त्याच टप्प्यावर उघडते. पट्टा पडलाच तर तो जवळजवळ जागेवरच राहतो. 30 आणि 60 फ्रेमवर तीच चूक धावते पट्टे देते. लग्नाच्या धांदलीत सेटिंग कधीतरी बिघडणारच; म्हणून चूक पोटात घालणारी सेटिंग पत्करावी.

जनरेटरची गोष्ट वेगळी. चार पोलचा जनरेटर मिनिटाला 1500 फेरे घेतो तेव्हा 50 हर्ट्झ मिळतात. डीजेचा बास घुमला, भार वाढला आणि फेरे 1440वर उतरले, तर 48 हर्ट्झ. तेव्हा 1/50लाही बारीक लुकलुक येते. पण ही तूट थोडी असते, 1/60ची जन्मजात असते. काही बॉडींत शटर अगदी बारीक पायऱ्यांनी सरकवता येते. पॅनासॉनिक त्याला ‘सिंक्रो स्कॅन’ म्हणते. जनरेटरवर आणि एलईडी वॉलसमोर ते वापरावे. ‘अँटी-फ्लिकर’वर मात्र विसंबू नये : बहुतेक कॅमेऱ्यांत ती सोय फोटोसाठी असते, व्हिडिओसाठी नसते. एडिटिंगमध्ये लुकलुक कमी होते, पण चेहऱ्यावरून सरकलेला पट्टा पुरता पुसला जात नाही.

25 फ्रेमची गरज ही आपल्याकडचीच तक्रार नव्हे. व्हिडिओचे युग ज्याने खुले केले तो कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू 2008 साली आला, तेव्हा त्यात फक्त 30 फ्रेम होत्या. शटर आणि आयएसओ हाताने ठरवण्याची मुभा 2009च्या फर्मवेअरने दिली, आणि 24 व 25 फ्रेम 2010च्या फर्मवेअरने.

उन्हात हा वाद उरत नाही. नांदेडला होला मोहल्ल्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत किंवा लातूरच्या गंजगोलाईत भर दुपारी सूर्य लुकलुकत नाही. तिथे 60 फ्रेम खुशाल घ्याव्यात. तिथली अडचण उलटी. आयएसओ 100 आणि शटर 1/100 असताना कडक उन्हाला एफ/16 लागते. एफ/2.8 आणि 1/50 हवे असेल तर सहा स्टॉप उजेड अडवावा लागतो, म्हणजे एनडी-64 फिल्टर. तो न लावता शटर 1/2000वर नेले की मिरवणुकीतल्या निहंग शिखांचे घोडे तुटक पळताना दिसतात. दोष फ्रेमच्या आकड्याला मिळतो, चूक शटरची असते.

तेव्हा सिद्धान्त असा. निकॉन आणि फुजीफिल्मच्या अनेक बॉडींत सगळे आकडे एकाच यादीत असतात, तिथे पॅल-एनटीएससीच्या नावावरून भांडण्याचे कारणच नाही. कार्यालयाच्या आत 25 फ्रेम, शटर 1/50; स्लो मोशन हवा तिथे 50 फ्रेम, शटर 1/100. डायल व्हिडिओवर, एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स बांधलेला, ऑटो सोडायचेच तर फक्त आयएसओ, तेही मर्यादा घालून. आणि टीममधल्या सगळ्या कॅमेऱ्यांवर एकच आकडा, नाहीतर एडिटिंगवाला 25 आणि 30 जुळवत बसतो. मोबाइलवर 25 फ्रेमचे किंचित अडखळणे फार थोड्यांच्या लक्षात येते; शालूवरून धावणारा पट्टा पहिल्या रांगेतल्या मावशीलाही दिसतो. महाराष्ट्राच्या तारांतून 50 हर्ट्झ वाहते आहे तोवर इनडोअर शूटिंगचा आकडा विजेला विचारूनच ठरवावा.