बाग लावणे आणि बाग राखणे

बाग हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. उर्दूत तो बाग, मराठीत मात्र ती बाग. पाहुणा म्हणून आलेला शब्द मराठीच्या घरात लेक होऊन राहिला, असे मला गमतीने म्हणावेसे वाटते. त्याच्या मागोमाग बागवान आला, बागाईत आली. जिरायत हा शब्दही असाच परमुलखातून आला आणि थेट आपल्या सातबाऱ्यावर जाऊन बसला. पण बाग जगवायला जे शब्द लागतात ते पाहा: आळे, वाफा, दंड, पाळी, दारे धरणे. हे सारे इथल्या मातीतले. बागेची कल्पना कुठूनही येवो, तिला पाणी गावातल्याच माणसाने द्यायचे असते. आज जे सांगायचे आहे ते एवढ्यात आले.

वाटूर फाट्यावर मे महिन्याच्या दुपारी एसटीची वाट पाहणाऱ्याला सावलीची किंमत सांगावी लागत नाही. तरीही आपल्या भागात शाळेच्या मागे, पंचायतीच्या शेजारी, देवळाच्या नाही तर दर्ग्याच्या आवारात एखादी मोडकी बाग हमखास सापडते. उद्घाटनाचा फलक शाबूत असतो. घसरगुंडी मोडलेली, नळाची तोटी गायब, वाफ्यांत गाजरगवत आणि कुंपणाच्या जागी वेड्या बाभळी. अशी बाग पुन्हा उभी करावी असे गावातल्या चार तरुणांच्या मनात येते, तेव्हा ते सर्वप्रथम रोपे आणतात. इतिहास सांगतो, की तिथेच थोडे थांबावे.

आपल्या मराठवाड्याला बागांचा इतिहास मोठा आहे. मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी माणूस. पुढे तो निजामशाहीचा वजीर झाला आणि 1610 मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. नव्या शहरासाठी त्याने डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून आणले. खापरी नळ, बांधीव भुयारे, मधूनमधून पाण्याचा दाब सांभाळणारे मनोरे. या नहरीने हौद भरले आणि हौदांनी बागा जगवल्या. पुढे मोगलांच्या काळात शहराच्या उत्तरेला हिमायतबाग झाली. पाणचक्कीला तर दूरच्या झऱ्याचे पाणी अशाच नळांतून येई. ते जाते फिरवी आणि हौदात उतरे. म्हणजे आधी पाणी, मग झाड. या क्रमाला त्या काळच्या राजांनीही फाटा दिला नाही.

1661 च्या सुमारास पूर्ण झालेला बीबी का मकबरा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तिथल्या दरवाजावर वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत. एक मुसलमान, एक हिंदू, आणि दोघांची नावे एकाच दारावर. मला त्याचे नेहमी कौतुक वाटते. पण त्या भोवतीच्या चारबागेत पहिले आळे कोणी केले, ते नाव कुठेच नाही. बांधणाऱ्याचे नाव दगडावर आणि धातूवर राहते. राखणाऱ्याचे नाव राहत नाही, कारण त्याचे काम कधी पूर्णच होत नाही. ज्या दिवशी ते थांबते, त्या दिवशी बाग संपायला लागते.

याचा पुरावा हवा असेल तर अहिल्यानगरचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा, फराहबाग महाल पाहावा. 1583 मध्ये पुरा झालेला हा निजामशाही महाल तळ्याच्या मधोमध उभा होता आणि भोवती बाग होती. आज भिंती उभ्या आहेत, तळे कोरडे आहे आणि बाग फक्त नावात उरली आहे. चुना आणि दगड माणसाशिवाय चारशे वर्षे काढतात. मोगऱ्याचे झाड एक उन्हाळाही काढत नाही.

राजांच्या बागा सोडून साध्या माणसांकडे वळू. परतूरला लागून असलेल्या घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. समर्थांचा जन्म 1608 चा, म्हणजे मलिक अंबर खडकी वसवत होता त्याच काळातला. समर्थांचे ‘बागप्रकरण’ नावाचे एक छोटे प्रकरण आहे. त्यात झाडांची, वेलींची, फळाफुलांची नावांमागून नावे येतात. संन्याशाला इतकी झाडे नावानिशी ठाऊक असावीत, हे मला फार मोलाचे वाटते. झाडाचे नाव माहीत असणे ही त्याला राखण्याची पहिली पायरी आहे. त्याही आधी, तेराव्या शतकात, अरणचे सावता माळी झाले. पंढरपूर जवळ असूनही ते मळा सोडून गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, असे परंपरा सांगते. यातला चमत्कार बाजूला ठेवला, तरी एक रोखठोक गोष्ट उरते. पाण्याची पाळी आली असताना मळा सोडून जाता येत नाही.

ही पाळी एकट्याची नसून गावाची असेल तर काय करायचे? याचे उत्तर खानदेशाने फार पूर्वी शोधले. पांझरेसारख्या नद्यांवर लहान बंधारे बांधून गावांनी फड पद्धत चालवली. जमीन ज्याची त्याची, पण पाणी सर्वांचे. ते सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, देखरेखीला हवालदार. प्रत्येक काम ठरलेल्या माणसाकडे आणि त्याचा मोबदलाही ठरलेला. शेकडो वर्षे ही व्यवस्था चालली, ती माणसे फार सज्जन होती म्हणून नव्हे, तर आज कोणाची पाळी आहे हे सर्वांना ठाऊक होते म्हणून. ‘सगळे मिळून करू’ असे म्हटले की काम कोणाचेच राहत नाही. ‘मंगळवारी अमुक करील’ म्हटले की ते होते.

आता अलीकडच्या काळात येऊ. मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. 1977 मध्ये तिथे कचरा टाकणे बंद झाले. निसर्गप्रेमी मंडळींनी त्या जागेवर निसर्ग उद्यानाची कल्पना मांडली आणि तिचा पाठपुरावा केला. 1983 मध्ये वृक्षारोपण सुरू झाले आणि 1994 मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. सुमारे 37 एकरांची ही जागा. आज तिथे शाळेची मुले झाडे आणि पक्षी ओळखायला जातात. कचरा थांबल्यापासून दार उघडेपर्यंत सतरा वर्षे गेली, हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका पावसाळ्यात बाग उभी करू पाहणाऱ्या उत्साही मित्रांना मी तो आवर्जून सांगतो.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्कची गोष्टही आपल्या गावाला जवळची वाटावी अशी आहे. 1973 मध्ये तिथल्या एका गरीब वस्तीत, रस्त्याच्या कोपऱ्यावर, महापालिकेची एक मोकळी जागा कचऱ्याने भरली होती. लिझ क्रिस्टी या चित्रकार बाईंनी शेजाऱ्यांना गोळा केले, कचरा उचलला, चांगली माती आणून टाकली, कुंपण घातले. 1974 मध्ये महापालिकेने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने त्यांना दिली. त्यांनी भाजीचे वाफे केले, झाडे लावली. क्रिस्टीबाई 1985 मध्ये वारल्या, पुढच्या वर्षी बागेला त्यांचे नाव दिले गेले. बाई गेल्या तरी बाग राहिली, कारण शेजाऱ्यांच्या पाळ्या चालूच राहिल्या.

याच शहरात 1999 मध्ये महापालिकेने अशा शंभराहून अधिक बागांच्या जागा लिलावात काढायचे ठरवले. तेव्हा बागा राखणारे लोक रस्त्यावर आले. शेवटी दोन संस्थांनी पैसे उभे करून त्या जागा विकत घेतल्या आणि बागा वाचल्या. लिलाव थांबला तो झाडांकडे पाहून नव्हे. ‘आम्ही इथे रोज पाणी घालतो’ असे म्हणणारी माणसे उभी राहिली म्हणून.

आपल्याकडेही हाच धोका आहे. उजाड बाग फार काळ बाग राहत नाही. आधी तिथे उकिरडा होतो, मग टपरी उभी राहते, मग पक्के बांधकाम. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये पंजाबातल्या एका गावतळ्याच्या प्रकरणात बजावले. निकाल कागदावर आहेच. पण जागा गावाची आहे याची रोजची साक्ष कागद देत नाही. ती झारी घेऊन येणारा माणूस देतो.

शेजारच्या बीड जिल्ह्यात पालवणच्या उघड्या डोंगरावर ‘सह्याद्री देवराई’च्या मंडळींनी, स्थानिक लोकांनी आणि वन विभागाने मिळून झाडे जगवली. अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप यांनी त्यात पुढाकार घेतला. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिले गेले. साहित्य संमेलनांच्या मांडवात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हा अध्यक्ष फार आवडला. भाषण नाही, वाद नाही, नुसती सावली.

आपल्या जालना जिल्ह्याने तर झाड मरताना पाहिले आहे. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरचे पाणी विकत घेऊन शेतकऱ्यांनी झाडे जगवण्याची धडपड केली आणि ज्यांना ते झेपले नाही त्यांनी हातानेच बागेवर कुऱ्हाड चालवली. त्याच जालन्यात शहरातल्या नागरिकांनी एकत्र येऊन निजामकालीन घाणेवाडी तलावातला गाळ काढण्याचे काम हाती घेतले. तो गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात नेऊन टाकला. तळे खोल झाले, शेत सुपीक झाले. लोकांनी मनावर घेतले तर काय होते, हे पाहायला दूर जायला नको.

म्हणून गावातल्या तरुणांना एवढेच सांगणे आहे. रोपे सर्वांत शेवटी आणा. आधी पाणी कुठून येणार ते ठरवा. शाळेच्या हातपंपाखाली वाहून जाणारे पाणीसुद्धा चालते. मग शेळ्यांपासून राखण करणारे कुंपण घाला. गाजरगवत फुलायच्या आत उपटा. जुना लिंब, जुनी चिंच उभी असेल तर तिला हात लावू नका. तीच तुमची निम्मी बाग आहे. नवी झाडे थोडीच लावा, पण इथली लावा: वड, पिंपळ, करंज, बेल. रोपाशेजारी मातीचे मडके पुरून ठेवले तर थोड्या पाण्यात भागते. आणि एक वही घाला. तिच्यात वार लिहा, वारासमोर नावे लिहा. तीन उन्हाळे ती वही चालली तर झाडे आपल्या पायावर उभी राहतात.

त्या वहीत एक गोष्ट आपोआप घडते. सोमवारी पाटील, मंगळवारी शेख, बुधवारी कांबळे, गुरुवारी राठोड. गावात एरवी ही नावे एका ओळीत फक्त मतदार यादीत येतात. बागेत ती पाण्यासाठी येतात. पुढे झाड मोठे झाल्यावर त्याच्या सावलीत बसणाऱ्याला कोणी आडनाव विचारत नाही.

यंदाचे वृक्षारोपण पावसाळ्यात होईलच. फोटोही निघतील. पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षा सुरू असताना आणि हौद तळाला गेला असताना, पाण्याची पाळी कोणाची आहे, ते आजच वहीत लिहून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)